हरणामागे किल्ट घालून जावं का?

ग्लासगोजवळ राहणाऱ्या एका मराठी तरुणाने हा प्रश्न विचारलाय. गेल्या वर्षी त्याचं इथल्याच मुलीशी लग्न झालं आणि लग्नासाठी त्याने सासरच्या टार्टनचा, म्हणजे घराण्याच्या चौकडीच्या लोकरी कापडाचा, किल्ट शिवून घेतला. किल्ट म्हणजे इथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, निऱ्यांचा, घागऱ्यासारखा पोशाख. आता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सासरे त्याला हायलंड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, हरणाच्या शिकारीला नेणार आहेत. तो म्हणतो, "तोच किल्ट घालून डोंगरावर गेलो तर चालेल का? पूर्वी हायलंडर किल्टमध्येच शिकार करायचे ना? सासऱ्यांनाही बरं वाटेल."

लग्नाचा किल्ट नेऊ नका, हे आधीच सांगतो. दुसरा साधा किल्ट चालेल का, हे त्या दिवशी तुम्ही किती चालणार आणि किती सरपटणार यावर ठरेल. किल्ट हा चालणाऱ्याचा पोशाख आहे, पोटावर सरपटणाऱ्याचा नाही. माझं बाकीचं सगळं म्हणणं यातूनच येतं.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. गेली १९ वर्षं हायलंड्समध्ये राहतोय. इथे आल्यावर एका इस्टेटवर, म्हणजे मोठ्या खाजगी जहागिरीवर, स्टॉकरच्या हाताखाली गिली म्हणून लागलो. मारलेलं हरीण खाली आणायचं, पाहुण्यांचं सामान वाहायचं, हे माझं काम. पुढे परीक्षा दिल्या आणि आता मोसमात मीच पाहुण्यांना डोंगरावर नेतो. स्टॉकर म्हणजे हरणाच्या जवळ नेऊन पोचवणारा जाणकार. डोंगरावर शब्द त्याचा चालतो, मग पाहुणा कितीही मोठा असो.

तुमच्या लग्नाच्या किल्टला बहुधा आठ वार कापड लागलं असेल, म्हणजे नऊवारीपेक्षा फक्त एक वार कमी. निऱ्या मागे, आणि पुढे दोन सपाट पदर एकावर एक. पुरुषांचा वरचा पदर उजव्या बाजूला येतो. चांगल्या किल्टचं लोकरी कापड वाराला १३ ते १६ औंसांचं असतं (हे वजन दुप्पट रुंदीच्या वाराचं), त्यामुळे अंगावर दोन किलोंच्या आसपास वजन येतं. ते सगळं कमरेवर पेललं जातं आणि चालताना निऱ्या मागे लयीत हलतात. आपल्याकडे धोतर नेसून दहा-दहा कोस चालणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातला आराम समजावून सांगावा लागणार नाही. मांड्या मोकळ्या, गुडघा मोकळा, चढावर कापड कुठे अडत नाही.

आता "पूर्वी किल्टमध्येच शिकार करायचे ना?" याकडे वळतो. करायचे, पण त्यांची शिकार वेगळी होती.

१६१८ साली लंडनचा कवी जॉन टेलर पायी स्कॉटलंडला आला आणि ब्रेमारच्या परिसरात अर्ल ऑफ मार यांच्या शिकारीत सामील झाला. त्याने लिहून ठेवलंय की तिथे लहानथोर सगळे एकाच तऱ्हेचा डोंगरी पोशाख करायचे, आणि आलेल्या पाहुण्यालाही तो घालावा लागे. पाहुण्याने नाक मुरडलं, तर स्थानिक लोक मनापासून शिकारीला येत नसत, कुत्रीही आणत नसत. म्हणून अर्लने त्यालाही तसाच पोशाख चढवला. पहाटे पाच-सहाशे माणसं डोंगरात पांगायची आणि मैलोनमैल रान उठवत हरणांचे कळप एका दरीकडे हाकत आणायची. तिथे बाकीचे धनुष्यं, बंदुका आणि कुत्री घेऊन दबा धरून असायचे. दोन तासांत ऐंशीच्या आसपास हरणं पडली, असं तो सांगतो. आपल्याकडे हाका घालायचे, तसाच हा प्रकार. यात पळायचं, ओढे ओलांडायचे, चढायचं, रात्री उघड्यावर झोपायचं. त्या काळचं मोठं प्लेड, म्हणजे कमरेला पट्ट्याने आवळून उरलेला भाग खांद्यावर टाकायचं लांब लोकरी कापड, या कामाला अगदी योग्य होतं. दिवसा कपडा, रात्री पांघरूण. पोटावर सरपटण्याचा प्रश्नच नव्हता.

आज आपण ज्याला किल्ट म्हणतो तो त्या प्लेडचा फक्त खालचा भाग, आणि तो १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. ग्लेनगॅरीला लोखंडाची भट्टी चालवणाऱ्या टॉमस रॉलिन्सन या लँकेशरच्या माणसाने, कामगारांना मोठं प्लेड अडचणीचं होतं म्हणून १७२० च्या दशकात तो कापून वेगळा केला, असं सांगतात. इथल्या पुष्कळ लोकांना ही गोष्ट मान्य नाही. श्रेय कुणाचंही असो, कारण मला पटतं. काम बदललं म्हणून कपडा बदलला.

पुढे जॅकोबाइट बंड (हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी केलेलं) मोडल्यावर १७४६ चा कायदा आला आणि १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडमध्ये पुरुषांना हा पोशाख घालायची बंदी झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार. १७८२ मध्ये बंदी उठेपर्यंत एक पूर्ण पिढी किल्टशिवाय वाढली. सैन्याला मात्र सूट होती, म्हणून किल्ट पलटणींमध्ये टिकला. (याच हायलंडर पलटणींपैकी ७४ वी आणि ७८ वी जालना जिल्ह्यातल्या आसईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठ्यांच्या तोफांसमोर उभ्या होत्या. ७४ वी तर त्या दिवशी जवळजवळ कापली गेली. इथल्या एखाद्या म्हाताऱ्या सैनिकाला मी आसईच्या मुलखातल्या भाषेचा आहे म्हटलं, की तो हात हातात घेऊन बराच वेळ सोडत नाही.)

आज तुम्हाला ज्या शिकारीचं बोलावणं आलंय, ती १९ व्या शतकात घडली. हाका मागे पडला, लांब पल्ल्याची रायफल आली आणि एका माणसाने एका हरणाच्या मागे वाऱ्याचा अंदाज घेत, दडत, सरपटत जायचं, हीच खरी शिकार असं मानलं जाऊ लागलं. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी बाल्मोरलची इस्टेट घेतल्यावर या शिकारीची लाटच आली. अल्बर्ट स्वतः किल्ट घालायचा, गिलीही किल्टमध्ये असायचे. पण त्याच काळात इस्टेटींनी आपापलं ट्वीड, म्हणजे जाडसर लोकरी कापड, विणून घ्यायला सुरुवात केली. ग्लेनफेशीचं ट्वीड त्यातलं सगळ्यात जुनं मानतात. बाल्मोरलचं करडं ट्वीड अल्बर्टनेच ठरवलं. इस्टेटीवरचा दगड, हेदर (डोंगरभर वाढणारं बुटकं झुडूप) आणि गवत यांच्यात मिसळेल असा रंग निवडायचा आणि त्या कापडाची गुडघ्याखाली आवळलेली ढगळ विजार शिवायची, तिला इथे ब्रीक्स किंवा प्लस-टू म्हणतात. आज बहुतेक स्टॉकर हेच घालतात. शिकारीत सरपटणं आलं आणि डोंगरावर किल्टच्या जागी विजार आली. मी यात किल्टचा अपमान मानत नाही.

सरपटणं म्हणजे काय, हे नवीन माणसाच्या डोळ्यांसमोर नीट येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

सकाळी दोन-तीन तास चालून आपण उंचावर पोचतो. स्टॉकर दुर्बिणीतून समोरचा उतार शोधतो. स्टॅग, म्हणजे तांबड्या हरणाचा नर, दिसतो. तो आपल्या सांबराचा नातलग, मोठा, फाटे फुटलेल्या शिंगांचा. ऑक्टोबरमध्ये तो माजावर असतो, घशातून डरकाळीसारखा आवाज काढत माद्यांचा कळप राखत असतो. खरी अडचण त्या माद्यांची, त्यांना इथे हाइंड म्हणतात. स्टॅगला एकच जोडी डोळे, पण कळपाला वीस-तीस जोड्या, आणि प्रत्येकीचं नाक वाऱ्यावर. मग आपण वारा तोंडावर घेत लांबचा वळसा घालतो. शेवटचे दोनशे-तीनशे मीटर आडोसा नसतो. आधी वाकून, मग गुडघ्यांवर आणि हातांवर, मग कोपरांवर, आणि शेवटी गाल हेदरला घासत सपाट पोटावर. खाली काळा, पाण्याने तुडुंब भरलेला पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याचा दलदलीसारखा थर. मध्येच ग्रॅनाइटचे खडे. हेदरचे जळके खुंट सुयांसारखे उभे. एखादी हाइंड मान वर करून बघते आणि आपण असू तिथे, असू तसे थिजतो. कधी दोन मिनिटं, कधी वीस.

इथे किल्टचं काय होतं? गुडघ्यांवर सरकताना पुढचा पदर गुडघ्याखाली येतो आणि तुम्ही स्वतःच स्वतःला अडकवता. तो सोडवायला हात हलवला की वरून हाइंड बघते. पोटावर असताना वारा मागून निऱ्यांत शिरला तर त्या पंख्यासारख्या उघडतात. सगळ्यात वाईट म्हणजे मागे सरकावं लागलं तर. हरणं वळली, वारा फिरला, की स्टॉकर हाताने खूण करतो, "मागे." मागे सरकताना किल्ट गवताला अडकून वर गोळा होतो आणि मांड्या थेट पीटमध्ये. उघडा गुडघा ग्रॅनाइटवर घासून फुटतो, ते फार मोठं नाही, दोन दिवसांत बरं होतं. पण ओला आणि गार झालेला माणूस लवकर बरा होत नाही.

याचा मला आलेला अनुभव सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी शिकलो.

माझं तिसरं वर्ष. नोव्हेंबर, हाइंडचा मोसम. मी १६ औंसांचा जुना हिरवा किल्ट घालून गेलो होतो. त्याआधी सप्टेंबरमध्ये पुष्कळदा घातला होता आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. सकाळी बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पाणी पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, म्हणून पहिले दोन तास मला काही कळलं नाही. नंतर किल्ट जड झाला. ओली कड प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या मागच्या लवचिक कातडीवर घासायला लागली. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या हायलंडर सैनिकांचे पाय याच कडेने कापले जायचे. चिखल वाळून किंवा गोठून ती कड पात्यासारखी व्हायची. तास-दीड तासात माझ्या दोन्ही पायांना मागे रक्त आलं.

तरी आम्ही सरपटत गेलो. सव्वाशे मीटरवर एक म्हातारी हाइंड, पण ती बसलेली. बसलेल्या हरणावर आम्ही गोळी झाडत नाही, ते उठायची वाट बघतो. चाळीस मिनिटं मी पीटवर पालथा पडून होतो. ती उठली, आडवी उभी राहिली, आणि माझ्या मांड्या थंडीने इतक्या थरथरत होत्या की दुर्बिणीतली फुली तिच्या खांद्यावरून पोटापर्यंत आणि पुन्हा खांद्यावर अशी फिरत होती. मी चाप ओढला नाही. रायफल बाजूला सरकवली आणि स्टॉकरला मानेने नाही म्हटलं. त्याने ती उचलली आणि काम केलं. परत जाताना नऊ किलोमीटर तो एक शब्द बोलला नाही. घराशी पोचल्यावर म्हणाला, "नाही म्हणालास ते बरं केलंस." मला तेवढंच पुरलं.

म्हणून कपड्यांचा प्रश्न माझ्यासाठी दिसण्याचा नाही. त्या जनावराला पहिल्या गोळीत, काही कळायच्या आत मरण यावं, एवढं देणं आपण लागतो. जे कपडे तुम्हाला थरथरायला लावतात, ते त्या देण्याच्या आड येतात. किल्ट असो की महागडं जाकीट, मी याच एका कसोटीवर बघतो.

आता किल्टच्या बाजूनेही तेवढंच मनापासून बोलतो, कारण मी अजूनही तो घालतो.

ओढे ओलांडताना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. हायलंड्समधल्या दऱ्यांत दिवसाला पाच-सहा ओढे लागतात. विजार भिजली की दिवसभर पायाला चिकटून राहते. किल्टमध्ये पाय नुसते पुसायचे, दहा मिनिटांत कोरडे. चढावर घाम साचत नाही. लोकर आवाज करत नाही. नायलॉनची पावसाळी विजार प्रत्येक पावलाला खसखसते आणि शांत दिवशी तो आवाज हरणांपर्यंत सहज जातो. आणि उभ्याने छऱ्याची बंदूक चालवताना तर किल्ट मला विजारीपेक्षा सरस वाटतो. ग्राउस पक्षी हेदरमधून एकदम उठतो, तुम्हाला पाय टाकून कंबर वळवायची असते, आणि कमरेखाली काहीच अडत नाही. ग्राउसचा मोसम १२ ऑगस्टला सुरू होतो, तेव्हा हवाही बरी असते. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायचा असेल तर किल्टला काहीच हरकत नाही. तुमच्या सासऱ्यांना तुम्हाला किल्टमध्ये बंदूक चालवताना बघायचं असेल, तर एखाद्या दुपारी तबकड्यांवर जा. तिथे लग्नाचा किल्टसुद्धा चालेल.

ऑगस्टमध्ये दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात.

पहिली मिज, इथली चिलटं. मे ते सप्टेंबर, ओलसर आणि वारा नसलेल्या संध्याकाळी ती ढगासारखी येतात. जरा बरा वारा सुटला की ती उडूच शकत नाहीत. उघडे गुडघे म्हणजे त्यांना पंगत. इकॅरिडिन २० टक्के असलेला फवारा गुडघ्यांना आणि मोज्यांच्या कडेला लावा. ऑक्टोबरपर्यंत त्यांचा जोर ओसरतो, त्यामुळे तुम्हाला फारसा त्रास होणार नाही.

दुसरी गोचीड, आणि ती अजिबात हलक्यात घेऊ नका. हरीण जिथे, तिथे गोचीड. ब्रॅकन नावाचं कमरेएवढं वाढणारं नेचं आणि लांब गवत यांच्या टोकाला ती पाय पसरून बसते आणि जाणाऱ्याला धरते. इथल्या गोचिडीतून लाइम हा आजार होऊ शकतो. किल्टवाल्याला ती थेट कातडीवर मिळते आणि वर चढत ऊबदार घडी शोधते. गुडघ्याची मागची बाजू, जांघ, कमरेचा पट्टा, बेंबी. संध्याकाळी अंघोळीच्या आधी ही सगळी ठिकाणं आरशात बघा किंवा बायकोला बघायला सांगा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. आपल्याकडे गुरांच्या गोचिडीला रॉकेल किंवा तंबाखूचं पाणी लावतात, ते इथे करू नका. चिडवलेली गोचीड पोटातलं परत अंगात सोडते. लवकर काढली तर धोका बराच कमी होतो. पुढच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे जा आणि "हायलंड्समध्ये गोचीड चावली होती" असं स्पष्ट सांगा. वेळेत औषध घेतलं तर हा आजार बरा होतो. वेळ गेली तर तो माणसाला किती छळतो, हे मी एका सोबत्याच्या बाबतीत जवळून पाहिलंय.

टार्टनच्या रंगाबद्दल लोक नको तेवढी काळजी करतात. पुष्कळ घराण्यांच्या टार्टनमध्ये 'हंटिंग' नावाचा प्रकार असतो, हिरव्या-तपकिरी-निळ्या मंद रंगांचा. तो सुंदर दिसतो आणि मला आवडतो. पण हरणाच्या डोळ्यात आपल्यासारखे तीन नाही, दोनच प्रकारचे रंग ओळखणारे पेशीसमूह असतात. तांबडा आणि हिरवा त्याला फारसे वेगळे दिसत नाहीत. निळ्याकडचे रंग मात्र त्याला चांगले दिसतात. म्हणजे सासरचं टार्टन लालभडक असेल तर तेवढ्याने शिकार बिघडत नाही. बिघडवतात त्या दुसऱ्या गोष्टी. एक, हालचाल. वाऱ्यावर फडफडणारी किल्टची कड म्हणजे उतारावर लावलेलं निशाण. दोन, पांढरं. लग्नाच्या किल्टबरोबर जे दुधी मोजे येतात, ते अर्ध्या मैलावरून चमकतात. डोंगरावर करडे किंवा शेवाळी लोकरी मोजे घाला आणि वर कॅनव्हासचे गेटर, म्हणजे बुटापासून गुडघ्यापर्यंतचे पट्टे, चढवा, म्हणजे गुडघ्याखाली काही उघडं राहत नाही. तीन, चकाकणारं आणि किणकिणणारं धातू. पुढे लटकणारी थैली, म्हणजे स्पोरान, चांदीच्या साखळीचा असेल तर तो घरी ठेवा. साधा चामड्याचा, चामड्याच्याच पट्ट्याचा घ्या आणि सरपटायच्या आधी फिरवून कमरेच्या बाजूला किंवा मागे न्या, नाहीतर पोटाखाली धोंडा घेऊन झोपल्यासारखं होतं. पदराला लावायची मोठी पिन काढून खिशात टाका, ती हेदरमध्ये अडकते आणि कापड फाडते.

बूट डोंगराचेच, घोट्यापर्यंतचे. किल्टबरोबरचे लांब नाड्यांचे बूट, घिली ब्रोग, पाणी निथळून जावं म्हणून जीभ नसलेले असतात, ही कल्पना जुनी आणि शहाणपणाची आहे. पण आज दुकानात मिळणाऱ्यांचा चामड्याचा गुळगुळीत तळ ओल्या गवतावर टिकत नाही.

आत काय घालायचं, हा प्रश्न सगळेच विचारतात. गडद रंगाची, मांडीपर्यंतची मेरिनो लोकरीची चड्डी घाला. सरपटताना तुमच्या मागे दुसरा माणूस असतो, तारेची आणि लाकडाची सहा फुटी कुंपणं चढावी लागतात, आणि पीट थंड असतो. तीनही कारणं पुरेशी आहेत.

मोज्यात खोचायची ती छोटी सुरी, स्किअन डू, तिच्याबद्दल एक कायदेशीर गोष्ट. स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक जागी पातं बाळगणं गुन्हा आहे, पण राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगलं असेल तर तो बचाव कायद्यातच दिलाय. कृपाणासारख्या धार्मिक कारणालाही तिथेच जागा आहे. ब्रीक्स घातल्यावर मोज्यात तीच सुरी ठेवली तर पोशाखाचं कारण उरत नाही. हरीण साफ करायचं काम स्टॉकर आपल्या साध्या सुरीने करतो, तुमची शोभेची सुरी त्याला नको असते.

तुमच्याकडे बंदुकीचा परवाना नाही असं धरून चालतो. इस्टेटीची रायफल, तिच्या परवानाधारकाच्या सोबतीत आणि देखरेखीखाली, १७ वर्षांवरचा पाहुणा वापरू शकतो. डोंगरावर जायच्या आधी तुम्हाला फळीवर दोन-तीन गोळ्या झाडायला लावतील. तेव्हा डोंगरावर जे घालणार तेच घालून पालथे पडा. किल्ट घालून पालथं पडल्यावर पाय फाकवले की निऱ्या दोन्हीकडे कशा पडतात, कमरेचा पट्टा बरगडीत टोचतो का, श्वास मोकळा राहतो का, हे तिथेच कळेल. स्टॅगचा पारंपरिक मोसम १ जुलै ते २० ऑक्टोबर. २०२३ पासून नरांना कायद्याने बंद मोसम उरलेला नाही, पण बऱ्याच इस्टेटी जुन्या तारखा पाळतात. तुमचा आठवडा त्यातला सगळ्यात चांगला आहे, दरीभर डरकाळ्या ऐकू येतील.

भारतात परतल्यावर कुणी हौसेने विचारलं तर स्पष्ट सांगा की तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहायला हवी. इथे लांडगा उरला नाही. हरणं बेसुमार वाढून कोवळी झाडं खाऊन टाकतात, म्हणून दरवर्षी ती कमी करावी लागतात. सह्याद्रीत ती परिस्थिती नाही.

मग तुम्ही नेमकं काय करावं? आठवडाभर आधी सासऱ्यांकडून स्टॉकरचा नंबर घेऊन त्याला फोन करा. "किल्ट घालून आलो तर तुम्हाला चालेल का?" एवढंच विचारा. बहुतेक जण खूश होतील आणि मग हवा विचारात घेऊन काय ते सांगतील. नको म्हणाले तर कारण विचारू नका, त्या डोंगराचा उतार आणि आडोसा त्यांना माहीत असतो. हो म्हणाले तर चार-पाच वारांचा, कमी निऱ्यांचा, निखळ लोकरीचा जुना किल्ट कुठून तरी मिळवा. सेकंडहँड दुकानांत आणि पलटणींच्या जुन्या मालात ते मिळतात. पॉलिएस्टरमिश्रित स्वस्त किल्ट घेऊ नका, तो भिजला की गार लोळागोळा होतो. कुठलं टार्टन कुणी घालावं यावर सर्वसामान्यांसाठी कायदा नाही. बाल्मोरल टार्टन तेवढं राजघराण्यासाठी राखलेलं आहे, ते सोडून काहीही घाला. मराठी माणसाने किल्ट घातलेला या १९ वर्षांत कुणालाही खुपलेला मला दिसला नाही.

गाडीत ब्रीक्स आणि कोरडे मोजे ठेवा. सासऱ्यांकडे जुनी जोडी नक्की असेल. सकाळी किल्टमध्ये निघा, फळीवर गोळ्या झाडा, फोटो काढा, सासऱ्यांबरोबर पहिला ओढा ओलांडा. ढग खाली असतील, गारठा चार-पाच अंशांवर असेल किंवा स्टॉकर म्हणाला की आज लांबवर सरपटावं लागेल, तर निघायच्या आधीच विजार चढवा. हवा कोरडी असेल आणि स्टॅग घळीच्या आडोशाने गाठता येण्याजोगा असेल, तर किल्टमध्येच जा. पाणी न शिरणारी पातळ विजार पिशवीत असू द्या. पालथं पडून वाट बघायची वेळ आली तर ती किल्टच्या आतून चढवता येते. हे मी त्या नोव्हेंबरनंतर शिकलो आणि तेव्हापासून पिशवी तिच्याशिवाय भरत नाही.

हरीण पडलं तर साफ करताना किल्टवाल्याने लांब उभं राहावं. निऱ्यांमध्ये शिरलेलं रक्त सहज निघत नाही. लागलंच तर त्याच रात्री थंड पाण्याने टिपून काढा. गरम पाणी लावलं की डाग कायमचा बसतो आणि लोकर आटते. मग कमरेच्या पट्ट्यांवर टांगा, निऱ्या हाताने सरळ करा, कडेला सैल टाके घाला, आणि शेकोटीपासून लांब, वाऱ्यावर दोन दिवस सुकू द्या.